गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

चुलीवर भाकरी असेल तर असू द्या. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

या वेळेला आपण एरवी कर्जफेड, शेळ्यांचं लसीकरण, अंगात रक्त कमी असणं अशा विषयांवर बोलतो. आज जरा लांब जाऊ. अमेरिकेत ओहायो नावाचं राज्य आहे, तिथे क्लीव्हलँड नावाचं शहर आहे आणि त्या शहरात गाण्याचं एक संग्रहालय आहे. त्याचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. बचत गटाच्या बायकांना त्याचं काय, असं वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण ते बघताना आमच्यात जी चर्चा झाली, ती तुमच्यापर्यंत पोचवावी असं ग्रामसंघात सगळ्यांनी ठरवलं.

आम्ही विमानात बसून गेलो नाही. आमच्या गटातल्या एका काकूंची लेक नोकरीनिमित्त ओहायोत असते. ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाते, तुम्ही व्हिडिओ कॉलवर या, सगळ्या मिळून बघू." तिकडे सकाळचे दहा वाजले तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले होते. आम्ही मासिक बैठक त्याच दिवशी ठेवली, हप्ते गोळा केले, ठराव लिहिले आणि ग्रामपंचायतीच्या टीव्हीला मोबाईल जोडून बसलो. लेकीने दारातच विचारून घेतलं. जिथे चालत नव्हतं तिथे फोन खाली केला आणि पाट्या मराठीत सांगितल्या. पुढे आणखी माहिती आम्ही मिळवली, ती घालूनच आज बोलतोय.

आता रॉक म्हणजे काय, ते आधी बघू. जिथे असाल तिथे चार मोजा. एक, दोन, तीन, चार. आता टाळी फक्त दोनवर आणि चारवर वाजवा. एकवर नाही, तीनवर नाही. पुन्हा करून बघा. अंग आपोआप हलतं की नाही? त्या ठेक्यावर विजेची गिटार, जाड आवाजाची दुसरी गिटार, ढोलांचा संच आणि मोकळ्या गळ्याने गाणारा माणूस आला की साधारण रॉक झालं. आपल्या लग्नात डीजेवर जी धडधड ऐकू येते, तिच्या पूर्वजांमध्ये हे संगीत आहे.

पण ते आलं कुठून? अमेरिकेत आफ्रिकेतून माणसं धरून आणली, विकली आणि कापसाच्या शेतात राबवली. १८६५ साली गुलामी कायद्याने बंद झाली, पण कापूस वेचणारे हात तेच राहिले. दिवसभर वाकून बोंडं वेचताना एकीने गायचं, बाकीच्यांनी ओढायचं. रविवारी चर्चमध्ये टाळ्या वाजवून देवाचं गायचं. दुःखाची गाणी वेगळी, त्यांना तिकडे ब्लूज म्हणतात. शेतातलं, देवळातलं आणि दुःखाचं असं तीन ठिकाणचं गाणं एकत्र झालं, त्याला विजेची गिटार लागली आणि रॉक उभं राहिलं. आमच्यात खानदेशातून लग्न होऊन आलेल्या दोघीजणी आहेत. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे हे तर आमच्या वेचणीचंच गाणं."

संग्रहालयाची इमारत काचेची आहे. तिरक्या काचांचा मोठा त्रिकोणी डोंगर, समोर ईरी नावाचं सरोवर. सरोवर एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. आमच्या एका आजींनी तर त्याला समुद्रच ठरवलं. इमारतीचा आराखडा आय. एम. पै यांनी काढला. नाव ऐकून आम्हाला वाटलं, आपल्याकडचेच कुणी पै असतील. पण ते चीनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले वास्तुकार होते. पॅरिसच्या प्रसिद्ध लूव्र संग्रहालयापुढचा काचेचा पिरॅमिडही त्यांचाच. क्लीव्हलँडची ही इमारत १९९५ सालच्या सप्टेंबरमध्ये लोकांसाठी खुली झाली. बाहेर चौकात माणसापेक्षा उंच लाल अक्षरं उभी आहेत आणि पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात.

एवढ्या मोठ्या अमेरिकेत हे संग्रहालय क्लीव्हलँडलाच का? त्याचं कारण आपल्या कामाचं आहे, कारण ते रेडिओ आहे. १९५१ साली या शहरात ॲलन फ्रीड नावाचा निवेदक रात्री रेडिओवर बोलायचा. त्या काळी काळ्या गायकांची गाणी वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी, दुकानंसुद्धा वेगळी. रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानदाराने फ्रीडला सांगितलं की तरुण पोरं काळ्या गायकांच्या रेकॉर्डी शोधत येतात. फ्रीडने त्या गाण्यांना रात्रीच्या रेडिओवर जागा दिली आणि रॉक अँड रोल हे नाव त्याच्या तोंडून घरोघर पोचलं. २१ मार्च १९५२ ला त्याने शहरातल्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. जागा दहा हजारांच्या आसपास होती आणि माणसं त्याच्या दुप्पट आली असं सांगतात. दारं मोडली, पोलीस आले, कार्यक्रम थोड्याच वेळात बंद करावा लागला. तोच रॉकचा पहिला मोठा जलसा मानला जातो. पुढे संग्रहालय कुठे बांधायचं अशी चढाओढ लागली, तेव्हा क्लीव्हलँडच्या बाजूने सहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. सहीची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको.

आत शिरल्यावर खालच्या मजल्यावर मोठी दालनं आहेत. गायकांचे झगमगीत कपडे, झिजलेल्या गिटारी, जुन्या जाहिराती, आणि ज्यांच्यापाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते कागद. गाणं सुचलं तेव्हा हाताला लागला त्या कागदावर लिहिलेलं, खाडाखोड केलेलं, बाजूला बाण काढलेले. असे कागद काचेत ठेवून त्यांच्यावर दिवे सोडलेत. एकजण म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी ओव्यांची वही लिहिली होती. ती माळ्यावर होती, मग बंबात गेली." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही टाळ्या वाजवल्या. क्वीन नावाचा इंग्लंडचा मोठा बँड, त्याला २००१ साली इथे सन्मान मिळाला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचं खरं नाव फारुख बलसारा, पारशी घरातला मुलगा, जन्म १९४६ साली आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. आणि शिकला कुठे? आपल्या साताऱ्यात, पाचगणीला! आठ-नऊ वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला बोटीने पाठवून सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. पियानो तिथे शिकला, मित्रांबरोबर पहिला बँड तिथे काढला, फ्रेडी हे नावही तिथेच पडलं. आमच्यातल्या एकीचं माहेर वाई. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या घाटातून वर गेलेलं पोरगं जगभर गाजलं." पुढे त्याने आडनावही स्वतःच निवडलं. हे नावाचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गॅरेज नावाच्या दालनात येणाऱ्या कुणालाही वाद्यं वाजवता येतात. काकूंची लेक ढोलांसमोर बसली आणि इकडून आम्ही दोनवर आणि चारवर टाळ्या धरल्या. आवाज जरा उशिरा पोचत होता, त्यामुळे ठेका सारखा चुकत होता, पण हसून हसून पोट दुखलं.

मग आम्ही वरच्या मजल्यावर नावांच्या दालनात गेलो. खरा विषय तिथून सुरू झाला.

पद्धत अशी आहे. कलाकाराची पहिली रेकॉर्ड निघून पंचवीस वर्षं झाली की त्याचा विचार करता येतो. संगीतातले हजाराहून जास्त लोक मतं देतात आणि दरवर्षी काही नावं निवडली जातात. पहिली निवड झाली १९८६ साली. काकूंच्या लेकीने त्या वर्षीची नावं वाचायला घेतली. एल्विस प्रेस्ली, चक बेरी, जेम्स ब्राउन, रे चार्ल्स, लिटल रिचर्ड. ती वाचत गेली, आम्ही ऐकत गेलो. संपल्यावर एकीने विचारलं, "अगं, बाई एकही नाही का?" एकही नव्हती. पहिली बाई आली पुढच्या वर्षी, १९८७ साली, अरेथा फ्रँकलिन. मग आम्ही विचारलं, हे गाणं सुरू झालं तेव्हा बाया कुठे होत्या? त्यातल्या तिघींची गोष्ट सांगतो.

पहिली सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कान्सा राज्यातलं कॉटन प्लांट नावाचं गाव, म्हणजे गावाच्या नावातच कापूस. आई-वडील कापूस वेचणारे. आई चर्चमध्ये गायची, मँडोलिन वाजवायची आणि प्रवचन करायची. लेक लहानपणीच गिटार वाजवायला लागली आणि आईबरोबर गावोगाव फिरायला लागली. १९३८ साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली. देवाचं गाणं, पण हातात विजेची गिटार आणि बोटं अशी चालायची की ऐकणाऱ्याला बसवत नसे. लिटल रिचर्डला मोठ्या रंगमंचावर पहिल्यांदा गायला तिनेच बोलावलं, तो तेव्हा शाळकरी वयाचा होता. १९५१ साली वॉशिंग्टनच्या खेळाच्या मैदानात तिने आपलं लग्नच तिकीट लावून केलं. वीस हजारांहून जास्त लोक आले आणि लग्न लागल्यावर नवरीने गिटार वाजवून कार्यक्रम केला. त्याच काळात बऱ्याच हॉटेलांत काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती, म्हणून दौऱ्यावर तिला बसमध्ये झोपावं लागे. १९७३ साली ती गेली. तीस वर्षांहून जास्त काळ तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. लोकांनी कार्यक्रम करून पैसे जमवले, तेव्हा दगड बसला. आणि या संग्रहालयात तिचं नाव आलं २०१८ साली. तिने वाट दाखवली तो लिटल रिचर्ड १९८६ साली आला. मधे बत्तीस वर्षांचं अंतर.

दुसरी बिग मामा थॉर्नटन. खरं नाव विली मे, जन्म १९२६, अलाबामा राज्य. उंच, धिप्पाड, गायची, ढोल वाजवायची, तोंडाने वाजवायचा बाजाही वाजवायची आणि सगळं स्वतःच शिकलेली. १९५२ साली तिने 'हाउंड डॉग' नावाचं गाणं गायलं. गाणं दोन तरुण मुलांनी लिहिलं होतं, पण त्याला रूप दिलं तिच्या आवाजाने. त्यात एक बाई आयतं बसून खाणाऱ्या पुरुषाला दारातून घालवते. ते सांगितल्यावर आमच्या सभागृहात जी खसखस पिकली, ती थांबायला वेळ लागला. १९५३ साली काळ्या गायकांच्या गाण्यांच्या यादीत ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तीन वर्षांनी एल्विस प्रेस्लीने ते गायलं. त्याच्या गाण्यात तो आयतखाऊ पुरुष राहिलाच नाही, खराखुरा कुत्राच उरला. आणि त्याची रेकॉर्ड लाखोंनी खपली. थॉर्नटन स्वतः सांगायची की तिला या गाण्याचे मिळाले ते एकदाच, पाचशे डॉलर.

पुढचं ऐका. 'बॉल अँड चेन' हे गाणं तर तिने स्वतः लिहिलं. जॅनिस जॉप्लिन या गायिकेने ते तिला विचारून घेतलं आणि १९६७ साली मोठ्या महोत्सवात गाऊन नाव मिळवलं. पण थॉर्नटनच्या गाण्याचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडे होते. गाणं जगभर वाजलं आणि लिहिणारीच्या हाताला त्याचा मोबदला लागला नाही. १९८४ साली सत्तावन्नाव्या वर्षी ती गेली. जॅनिसचं नाव या संग्रहालयात आलं १९९५ साली, थॉर्नटनचं आलं २०२४ साली.

तिसरी टीना टर्नर. ही पण कापसाच्या रानातली, टेनेसी राज्यातलं नटबुश गाव, जन्म १९३९. आईबापांनी ठेवलेलं नाव ॲना मे बुलक. आइक टर्नर नावाच्या वादकाच्या बँडमध्ये ती गायला लागली. त्याने तिचं नाव बदलून टीना टर्नर केलं आणि ते नाव आपल्या मालकीचं म्हणून नोंदवून घेतलं. हेतू असा की उद्या ही निघून गेली, तर दुसरी बाई उभी करून तिलाही टीना टर्नर म्हणता येईल. म्हणजे नाव बाईचं, सातबारा त्याचा. पुढे त्यांचं लग्न झालं. तो तिला मारायचा. गाणं ती गायची, पैशाचा व्यवहार त्याच्या हातात. १९७६ सालच्या जुलैमध्ये डॅलस शहरात मार खाऊन ती रक्ताने माखलेल्या कपड्यांत निघाली, वाहता हमरस्ता ओलांडून एका हॉटेलात गेली. जवळ छत्तीस सेंट होते आणि पेट्रोल भरायचं एक कार्ड. शंभर सेंटचा एक डॉलर होतो, त्यावरून हिशेब करा. हॉटेलच्या व्यवस्थापकाने तिला खोली दिली.

दोन वर्षांनी घटस्फोट झाला, तेव्हा तिने कोर्टात काय मागितलं? इतर बहुतेक गोष्टींवरचा हक्क तिने सोडला. रद्द झालेल्या कार्यक्रमांची देणीही अंगावर घेतली. आग्रह धरला तो याचा, की टीना टर्नर हे नाव मला वापरता आलं पाहिजे. नाव तिला मिळालं. मग त्या नावावर छोट्या-मोठ्या हॉटेलांत गाऊन तिने देणी फेडली. १९८४ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिची 'प्रायव्हेट डान्सर' ही रेकॉर्ड निघाली आणि ती जगात पोचली. १९८८ साली ब्राझीलमध्ये तिच्या एका कार्यक्रमाला एक लाख ऐंशी हजारांच्या घरात माणसं होती. या संग्रहालयात ती आधी १९९१ साली आली, पण आइकच्या जोडीने. स्वतःच्या एकटीच्या नावाने आली २०२१ साली. २०२३ साली ती वारली.

टीनाची गोष्ट संपली तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला होता. का लावला, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

त्यानंतर वाद झाला, तोही सांगतो. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "नावाचं एवढं काय गं? आम्ही जात्यावर शेकडो ओव्या म्हटल्या. ओवी कुणी रचली कुणाला ठाऊक? जिच्या तोंडी तिची. नावासाठी का गाणं म्हणतात?"

आजींचं म्हणणं खोडून काढायला कुणाला जमेना, कारण ते खरं होतं. बऱ्याच वेळाने एका सुनेने उत्तर दिलं. ती म्हणाली, "आजी, ओवी ओसरीवर होती तोवर नाव नसलं तरी चालत होतं. कारण त्यातून कुणीच कमवत नव्हतं. पण गाणं एकदा बाजारात गेलं की नाव लागतं. मग तिथे कुणाचं ना कुणाचं नाव लागतंच. आपलं लागलं नाही, तर दुसऱ्याचं लागतं."

मैत्रिणींनो, त्या संग्रहालयातून आम्ही घरी काय आणलं असेल, तर हे वाक्य. दुसऱ्याचं कसं लागतं, याचं उदाहरण तर तिथेच आहे. ज्या ॲलन फ्रीडचं कौतुक आम्ही आत्ताच केलं, त्याचंच. चक बेरीचं 'मेबेलीन' हे गाणं १९५५ सालचं. ते लिहिण्यात फ्रीडचा हात नव्हता. पण कागदावर लेखक म्हणून त्याचंही नाव लागलं, कारण रेडिओ त्याच्या हातात होता. गाणं वाजलं की त्यालाही वाटा. ते नाव निघायला १९८६ साल उजाडलं. गाणी वाजवायला पैसे घेतल्याच्या प्रकरणात पुढे फ्रीडची नोकरीही गेली. माणसाने चांगलं काम केलेलं असतं आणि तोच माणूस दुसऱ्याच्या घामावर आपलं नावही चढवतो, दोन्ही खरं असू शकतं. म्हणून माणूस चांगला आहे एवढ्यावर न जाता कागद बघायचा.

आणि निवडणारे कोण, तेही बघायचं. २०२३ साली या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एकजण मुलाखतीत बायका आणि काळे कलाकार यांना कमी लेखून बोलले. त्यांना संस्थेच्या मंडळावरून दूर केलं गेलं. आधीच्या इतक्या वर्षांत कुणाची नावं मागे राहिली असतील, ते आपण ओळखू शकतो. ग्रामसभेच्या यादीत, लाभार्थींच्या यादीत कुणाचं नाव आधी येतं आणि कुणाचं राहून जातं, हे आपण रोजच बघतो.

आजींच्या बोलण्याचं एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. पण नुसती ओवी लिहून ते थांबले नाहीत. गाणारी कोण, तिचं गाव कोणतं, तेही लिहिलं. हे आजींना सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग माझंही लिहा की." तिथल्या तिथे वही काढली. आजवर त्यांच्या चौऱ्याऐंशी ओव्या लिहून झाल्यात. पहिल्या पानावर त्यांचं पूर्ण नाव आहे, माहेरच्या गावासकट.

या चर्चेचा परिणाम आमच्या धंद्यावरही झाला. आमचा गट काळा मसाला करतो. एका व्यापाऱ्याने निरोप पाठवला होता की सगळा माल घेतो, किलोमागे दर वाढवून देतो, पण पाकीट माझं, नाव माझं, तुमच्या गटाचं नाव कुठे नको. दर खरंच चांगला होता. लेकरांच्या शाळा सुरू व्हायच्या होत्या, पैसे लागत होते. तीन बैठका झाल्या. अर्ध्याजणी म्हणाल्या, घेऊन टाकू, नावाने का पोट भरतं. अर्ध्याजणी म्हणाल्या, चार वर्षं घरोघर नमुने वाटून गिऱ्हाईक जमवलं, ते त्याच्या पाकिटामागे जाईल, आणि उद्या त्याने दुसरीकडून माल घेतला की आपण पुन्हा शून्यावर. शेवटी ठराव असा झाला की निम्मा माल त्याला द्यायचा, पण पाकिटावर गटाचं नाव आणि गाव छापायच्या अटीवर. निम्मा आपल्याच पाकिटात विकायचा. अट त्याला कळवली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. तो नाही म्हणाला तर हा हंगाम आम्हाला ओढगस्तीचा जाईल, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी ठरावाखाली अकराजणींच्या सह्या आहेत.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. लिहून घ्यायच्या तर घ्या.

पहिली. गटात जे कुणी रचते, गाणं, भारूड, हळदीकुंकवाचे उखाणे, पथनाट्य, ते वहीत उतरवा. खाली रचणारीचं नाव, गाव आणि तारीख घाला. खाडाखोड झाली तरी पान फाडू नका.

दुसरी. कुणी तुमचं गाणं रेकॉर्ड करायला आलं, तर आनंदाने गा. पण आधी विचारा, कुठे लावणार, नाव देणार का, पैसे मिळाले तर वाटा किती. आपल्याकडे १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. गाणं लिहिलं की लिहिणारीचा हक्क तयार होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती गीतकार आणि संगीतकारांना गाण्याच्या मोबदल्यातला वाटा मिळावा म्हणून. कोऱ्या कागदावर सही नको, न वाचता अंगठा नको. वाचता येत नसेल तर गटात आणा, सगळ्या मिळून वाचू.

तिसरी. घरातले कागद एकदा काढून बघा. घराचा उतारा, सातबारा, बँकेचं पुस्तक, रेशनकार्ड. कष्ट कुणाचे आणि नाव कुणाचं, दोन रकाने आखून लिहा. भांडायला नाही, आधी नुसतं बघायला. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय, लेकराच्या नावानंतर लगेच आईचं. आईच्या नावाला कागदावर जागा मिळाली, तशी बाकीच्या कागदांवरही मिळवता येते.

चौथी. दुसरीचं काम सांगताना तिचं नाव घ्या. "आमच्या गटाने केलं" म्हणतानाच "हे हिला सुचलं" हेही म्हणा. बाहेरच्यांनी आपलं नाव गाळलं तर राग येतो, पण बैठकीत आपणच एकमेकींचं नाव कितीदा गाळतो! अध्यक्ष, सचिव यांचंच नाव सगळीकडे येतं. पापड लाटणाऱ्या, हिशेब तपासणाऱ्या, पावसात बँकेत जाणाऱ्या कुठे असतात?

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने शेजारच्या मैत्रिणीचं एक काम तिचं नाव घेऊन सांगायचं आणि सचिवताईंनी ते इतिवृत्तात लिहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. जे गट करतील, त्यांनी ते पान केंद्रावर पाठवावं. आम्ही ते नावांसकट या रेडिओवर वाचून दाखवू.

आज इथेच थांबतो. भाकरी करपली नसेल अशी आशा आहे. नमस्कार.